खात्रीचा मीटर

"शेठ, लाइन तपासायचा एक मीटर द्या. खात्रीचा, आणि भाव बेताचा," ती काउंटरवर कोपर टेकून म्हणाली.

शेठने तिला ओळखलं नाही. सकाळची गर्दी होती. वायरिंगचा ठेकेदार यादी वाचून दाखवत होता आणि एक लिफ्ट मिस्त्री पिवळ्या मीटरचं खोकं उलटंसुलटं करून बघत होता. मीटरचं नाव निघताच शेठचं तोंड सुरू झालं. बोलणाऱ्याची माती विकली जाते म्हणतात. या दुकानात ती खोक्यात घालून विकली जात होती.

"अगदी योग्य जागी आलात ताई. या रस्त्याला बारा दुकानं आहेत, पण मीटरला लोक इथंच येतात. विचारा यांना."

"विचारायला कशाला हवं? मागचा इथूनच नेला होता." तिने पिशवीतून पिवळा मीटर काढून काचेवर ठेवला.

"मग! कसा काय चाललाय?"

"तेच दाखवायला आलेय."

तिने पिशवीतून एक वायर काढली. एका टोकाला प्लग, दुसऱ्या टोकाला तांब्याच्या दोन उघड्या तारा, फळीवर ठोकून पक्क्या केलेल्या. काउंटरच्या कडेला बल्ब तपासायचा बोर्ड होता. तिथे तिने प्लग खोचला. बटण तिच्या पाठीआड गेलं, त्यामुळे ते दाबलं की नाही, कुणालाच दिसलं नाही. मग तिने मीटरच्या दोन्ही पिना तारांना लावल्या. लाल पिनेची वायर तिने किंचित वाकवून धरली होती. तशी वाकली की आतली तार सुटून मीटर शून्य दाखवायचा; ही खोड तिने तीन आठवडे या मीटरपुढे बसून शोधून काढली होती.

"किती दाखवतोय?"

"शून्य," शेठ म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे लाइन बंद आहे."

"मग लावा हात."

ठेकेदाराचं यादी वाचणं थांबलं. शेठ हसला. "काय ताई, सकाळी सकाळी थट्टा करता गरिबाची."

"थट्टा नाही. मीटर तुमचा, खात्री तुमची. माझा धाकटा भाऊ पंपाची मोटार सोडवायला गेला होता. आधी यानेच लाइन बघितली. शून्य आलं, म्हणून हात घातला. आता उजव्या हाताला त्याची दोन बोटं उरलीत. मोटारींचं वाइंडिंग करतो आम्ही, शेठ. अंगठ्यावाचून तार ओढून दाखवा मला."

आता मात्र शेठने तिला ओळखलं. त्याचा आवाज एकदम खाली आला. "आत या ना. चहा घेऊ, बसून बोलू."

"मी उभीच बरी आहे."

"तसं बघायला गेलं तर स्वस्तातला तुम्हीच मागितला होता," तो पुटपुटला. "किती घासाघीस केलीत, आठवतंय ना? त्या भावात आणखी काय मिळणार?"

हे तिला लागलं. बरोबर वर्मावर लागलं, कारण दवाखान्याच्या बाकावर बसून तिने स्वतःला दुसरं काहीच ऐकवलं नव्हतं. पण वायर तिने तशीच वाकवून धरली.

"केली घासाघीस. त्याचं मी आणि माझा भाऊ बघून घेऊ. पण मी स्वस्त मागितलं होतं शेठ, खोटं नव्हतं मागितलं. त्या भावात येत नाही म्हणाला असतात, तर मी तशीच घरी गेले असते. तुम्ही चांगल्या कंपनीच्या खोक्यात हे घालून दिलंत. लावा हात."

याने हात लावावा, असं तिला खरोखर वाटत होतं. लावला असता तर बटणाकडे ती मुळीच धावली नसती. तीन आठवडे ती याच एका दृश्यावर जगत होती, आणि त्याची तिला लाजही वाटत नव्हती.

"लावा की शेठ," लिफ्ट मिस्त्री म्हणाला. "शून्यच तर आहे." पिवळं खोकं अजून त्याच्या हातात होतं.

शेठची पंचाईत झाली. नाही म्हणावं तर मीटर खोटा ठरतो, आणि तोही भर दुकानात, रोजच्या गिऱ्हाइकांसमोर. "लावतो की, त्यात काय आहे!" असं म्हणत त्याने बाही वर सारली आणि डावा हात तारांच्या दिशेने पुढे केला.

पण वायरिंगच्या धंद्यात केस पिकलेला माणूस, तपासल्यावाचून तारेला शिवेल कसा? त्याचा उजवा हात आपसूक काउंटरखालच्या खणात गेला आणि एक जुना काळा मीटर घेऊन वर आला. कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेली, आकड्यांवरची काच वापरून वापरून धुरकट झालेली. नेहमीच्या सवयीने त्याने काच अंगठ्याने पुसली आणि पिना तारांना टेकवल्या.

दोनशे चौतीस व्होल्ट.

ठेकेदार आणि मिस्त्री दोघंही वाकून बघू लागले, तेव्हा कुठे शेठला कळलं की आपण काय करून बसलो. काळ्या मीटरवर आकडा दिसत होता आणि शेजारी पिवळ्यावर शून्य.

लिफ्ट मिस्त्रीने हातातलं खोकं हळूच काचेवर ठेवलं. "हा कुठला?" ठेकेदाराने काळ्या मीटरकडे बोट दाखवत विचारलं. शेठने घाईघाईने पिना तारांवरून काढून घेतल्या. ठेकेदाराने यादीची घडी घालून खिशात टाकली.

तिने बटण बंद केलं, प्लग काढला, वायर गुंडाळली. मग शेठच्या हातातून काळा मीटर काढून घेतला आणि पिशवीत टाकला.

"अहो, तो विकायचा नाही. माझा आहे तो."

"म्हणूनच नेतेय."

दारापर्यंत जाऊन ती परत आली. काचेवरचा पिवळा मीटर उचलून तिने काउंटरखालच्या उघड्या खणात ठेवला आणि खण स्वतःच्या हाताने लावून टाकला.