मोसंबीचा वास

बेबीनंदाने सहलीच्या कागदाची चौथ्यांदा घडी घातली आणि चौथ्यांदा ती उलगडली. समोर अंगणात तिचा बाप, भिवा, अंबाडीची दोरी वळत बसला होता. रविवारची दुपार होती. उद्या सकाळी कागद शाळेत द्यायचा होता, आणि त्यातली एक गोष्ट तिने आठ दिवसांपासून बापाला सांगितली नव्हती.

धावड्याच्या शाळेची दुष्काळानंतरची ही पहिलीच सहल. जाताना जांब समर्थांचं, आणि येताना जहागीरदाराची बागेतली कोठी. सरकारने ती डागडुजी करून जशीच्या तशी जपली होती आणि लोकांना पाहायला उघडली होती. शाळेत बाई म्हणजे एकटी बेबीनंदाच. तिला मुख्याध्यापक रामराव गुरुजींनी स्पष्टच सांगितलं होतं, "बाई, तुम्ही आलात तर मुली येतील. नाही तर नुसते मुलगे." शाळेत मुली एकोणीस. त्यांनी आतापासूनच रिबिनी धुऊन वाळत घातल्या होत्या.

आणि याच कोठीच्या बागेत भिवा बारा वर्षं फुकट राबला होता. मोसंब्या तोडायच्या, टोपल्या भरायच्या. संध्याकाळी मागच्या दिंडीशी, गड्यांच्या त्या बुटक्या दाराशी, मुनशी उभा असायचा. गडी एकेक करून हात पुढे करायचे आणि मुनशी ते हुंगायचा. तोडणाऱ्याच्या हाताला देठाचा वास येतो, खाणाऱ्याच्या नखाला सालीचा. मुनशीला त्यातला फरक बरोबर कळायचा. सालीचा वास आला, की पाठीवर कोरडा.

जहागिरी गेली आणि भिवा बायको-पोर घेऊन धावड्याला आला. तेव्हापासून त्याच्या घरात मोसंबी आली नाही आणि कोठीचं नावही कधी निघालं नाही. बेबीनंदाला हे सगळं आईने सांगितलं होतं, तेही बाप घरात नसताना.

"बाबा, सहल जाऊन राह्यली," ती शेवटी म्हणाली. "जांबला."

"म्हाईत हाये. समद्या गावाला म्हाईत हाये."

"येताना एक ऐतिहासिक वास्तूबी पाहायची हाये."

"कोन्ती वास्तू?"

वर्गात हिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत जायचा. आता ती कागदाकडे बघत पुटपुटली.

"कोठी. बागेतली."

दोरी थांबली. आत गिरिजाबाई भाकरी थापत होती, तिचीही थाप थांबली. भिवाने दोरी बाजूला ठेवली आणि उजव्या हाताची बोटं नाकाशी नेली. पंचवीस वर्षं झाली, तरी काही मनात आलं की त्याचा हात आपोआप तिकडे जायचा. संपलं, असं बेबीनंदाला वाटलं. उद्या गुरुजींना काय सांगायचं, त्याची वाक्यंही तिने जुळवायला घेतली.

"कोन्त्या दारानं?" भिवाने विचारलं.

"म्हंजी?"

"पोरींना कोन्त्या दारानं नेऊन राह्यली? मांगं हिरीपाशी दिंडी हाये. तिथून नेशीन तर जाऊ नको. बिलकुल नको."

"न्हाई बाबा, मोरच्या दारानं. दहा पैशाचं तिकीट हाये. समद्यांना तेच दार."

"पाटलाच्या पोरीला?"

"तेच."

"अन् भिवाच्या पोरीला?"

"तेच, बाबा."

भिवा दात पडलेलं तोंड उघडून हसला.

"मंग भेऊन काहून राह्यली? आठ दिवस झाले, तोंड पाडून फिरती. मला वाटलं, नोकरी गेली का काय तुझी."

बेबीनंदाचा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं वाटलं, की तिला हसावं का रडावं तेच कळेना. आठ दिवस ती वाघाला भ्याली होती आणि वाघ बिचारा तिच्याच काळजीत होता. तिने पदराने डोळे पुसले, म्हणाली, "उगी, चुलीचा धूर गेला."

"चूल आत हाये," गिरिजाबाई दारात येत म्हणाली. तिचे हात पिठाने भरलेले होते. "आपनबी जाऊ की वो. ही पोटात व्हती तव्हा मला मोसंबीचे डोहाळे लागल्ते. नुसतं मोसंबी मोसंबी करायची मी. अन् ह्ये रोज रिकाम्या हातानं यायचे."

"आता पंचवीस वर्सांनी कसले डोहाळे, आई!"

"ऱ्हायलेले डोहाळे कुठं जात न्हाईत, बाई."

भिवाने खाली बघत दोरी पुन्हा हातात घेतली, तिचा एक पीळ उगाचच सोडला आणि पुन्हा वळला.

"लिव्ह," तो म्हणाला. "आमच्या दोघांची नावं लिव्ह. आमचा खर्चा माझ्याकडं. अन् भोकरदनच्या बाजारातून मोसंब्या घेऊ. समद्या पोरींना एकेक. हिला दोन."

बेबीनंदाने कागद मांडीवर नीट केला आणि त्यावरच्या सामानाच्या यादीत डब्यांच्या खाली मोसंब्या लिहिल्या.

"कुठं खायच्या, बाबा? बागेत?"

"मोरच्या दारात. पायरीवर बसून सोलायच्या, जल्दी न्हाई करायची."

तिने मान हलवली, आणि शाळेतली बाईच ती, तिला लगेच पुढचं सुचलं. मोसंब्यांच्या खाली तिने लिहिलं, हात धुवायला पाण्याची घागर. लिहिता लिहिता मोठ्याने वाचलंही.

"घागर खोड," भिवा म्हणाला. "हात कुनी धुवायचे न्हाईत. तसेच आत न्यायचे."