घरात राहणारा लॅपटॉप

“काकू, एका हातानं उचलून बघा,” दुकानातल्या पूजानं पातळ लॅपटॉप पुढं केला. “किलोभरसुद्धा भरत नाही. आणि सोळा तास चार्जरची आठवण येत नाही.”

सुरेखानं तो दोन्हीकडून पाहिला आणि नवऱ्याकडं दिला. “तुमी बघा.”

बजरंगनं तो तळहातावर तोलला. वही उचलावी तसा उचलला जात होता. पर्समध्ये टाकावा आणि सकाळच्या गाडीनं कुठंही निघून जावं, असा. त्यानं तो लगेच काउंटरवर ठेवून दिला.

शेजारी ठेवलेला दुसरा किमतीनं तिसऱ्या हिश्शाचा, पण वजनानं जवळजवळ दुप्पट होता. प्लास्टिकचा. त्याची स्क्रीन मागं दुमडून तंबूसारखी उभी करता येई, बोटानं चालवता येई. चार तासांत मात्र त्याला भिंतीतला प्लग गाठावा लागे. बजरंग राहुरीला विद्यापीठाच्या ग्रंथालयात कारकून होता. आठ दिवस खपून त्यानं कॅटलॉगच्या जुन्या कार्डांच्या कोऱ्या पाठीवर दोन्ही लॅपटॉपचे गुणदोष सुबक अक्षरात उतरवून आणले होते. निकाल मात्र पहिलं कार्ड हातात घेण्याआधीच लागला होता.

“हा घ्यावा,” त्यानं जाड्याकडं बोट केलं. “घरात वापरायला हाच बरा.”

दोन वर्षं सुरेखा पुण्याच्या एका कंपनीसाठी फोनवरून शेतकऱ्यांना सल्ला देत होती. कांद्यावर करपा आला, डाळिंबाची फुलं गळाली, की लोक तिलाच मागून घेत. आपल्यासारखं बोलणारं माणूस त्यांना हवं असे. गावात आता बजरंगची ओळख ‘सुरेखाताईंचे मिस्टर’ अशी करून देत. तेही त्यानं गिळलं असतं. पण तो ओम साहेब? तिचा तरणाबांड वरिष्ठ दिवसातून तीनदा फोन करी, आणि त्याच्याशी बोलताना ती हसे. आपल्या बोलण्यावर ती तशी कधी हसली होती, हे बजरंगला आठवत नव्हतं. कदाचित आपणच कधी हसण्यासारखं बोललो नसू, असंही त्याला वाटे, आणि मग आणखीच झोंबे.

दिवाळीत तिनं विचारलं होतं, “ओम साहेब म्हणत्यात, पुण्याला हापिसात या. शनिवार-रविवार घरी. जाऊ का?”

बजरंग दोन दिवस जेवला नव्हता. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

सुरेखाचा फोन वाजला. नाव बघून ती काचेच्या दाराबाहेर गेली. बजरंग काचेतून पाहत राहिला. ती हसली. थोड्या वेळानं पुन्हा हसली.

“काका, पाणी देऊ का?” पूजानं विचारलं.

“नको.”

सुरेखा आत आली.

“काय म्हणतात साहेब?”

“म्हणत्यात, पातळवाल्याला तोड न्हाई.”

“त्यांना म्हणायला काय जातंय?”

“व्हय,” ती म्हणाली, “जातंय त्यांचंच.”

टोमणा साहेबाला होता की आपल्याला, हे बजरंगला कळलं नाही. पण तिनं पातळ लॅपटॉप मिटून पूजाकडं सरकवला, आणि त्यानं कार्डं खिशात घातली.

मग तिनं जाडा त्याच्यापुढं ओढला. “कायतरी टाइप करा बघू.”

“मी कशाला?”

“बोटं बसत्यात का ते बघा. आन् अक्षर? चष्म्याबिगर वाचता येतंय?”

“येतंय की.”

बजरंग सुखावला. नवऱ्याच्या नजरेनं बघायची तिची सवय अजून गेली नव्हती तर.

“ओट्यावर उभा राहील का गं ह्यो?” तिनं पूजाला विचारलं. “पिठाचं बोट लागलं तर?”

“ओल्या फडक्यानं पुसायचं, काकू. फक्त परातीत घेऊन मळू नका त्याला.”

तिघंही हसली. ओट्यापाशी सुरेखा, तव्यावर भाकरी, लॅपटॉपमध्ये शेवगावकडचा कुणी कापूसवाला, आणि पलीकडं पेपर वाचत बसलेले आपण. बजरंगला हे चित्र फार आवडलं.

“उघडायला बोट कुणाचं नोंदवू?” पूजानं विचारलं.

“यांचं. बिलावर नावबी यांचंच टाक.”

पैसे तिच्या कमाईचे होते. नाव त्याचं. बजरंगला एकाएकी स्वतःची लाज वाटली. एवढ्याशा मनानं आपण आठ दिवस कार्डं खरडत बसलो. स्टँडकडं जाताना त्यानं तिला उसाचा रस पाजला, तिच्या खांद्यावरची पिशवी मागितली.

“काय भरलंय एवढं?”

“साड्या. राहू द्या.”

फॉल लावायला आणल्या असतील, असं म्हणून त्यानं पुढं विचारलं नाही.

“सुरेखा, आता साहेबांना स्पष्ट सांगून टाक. जे काय काम असेल ते घरून करीन म्हणावं.”

“सांगितलंय त्यांना काय सांगायचं ते.”

परतीची राहुरीची गाडी फलाटाला लागली तशी झुंबड उडाली. बजरंगनं लॅपटॉप तिच्या हाती दिला, खिडकीतून रुमाल टाकला आणि रेटारेटीत आत शिरला. दोघांची जागा मिळाली. इतक्या दिवसांत असा पराक्रम त्याच्या हातून झाला नव्हता. त्यानं खिडकीतून वाकून हाक मारली, “ये लवकर, दाराकडून ये.”

सुरेखानं लॅपटॉपचा खोका खिडकीतून त्याच्या हातात दिला.

“रोज सातला ह्यो उघडून ओट्यावर उभा करत जा, म्हंजे मला तिथनं दिसंल,” ती म्हणाली. “माझा पातळवाला कंपनीनं हापिसात टेबलावर आणून ठेवलाय, आन् ती बघा, पुण्याची गाडीबी लागली. आज नुसता भात टाका, भाकरी उद्या शिकवते.”