तशीच आणखी कोण गाते?

"ही नाही," कीस्लिंगबाईंनी हेडफोन काढून ठेवला. "ही गाणारी ओळ संपल्यावर श्वास घेते. माझी आंके ओळ संपायच्या आतच घ्यायची. लहानपणी दमा होता ना तिला."

दुकानदार गेर्नोटने रेकॉर्ड पाकिटात सरकवली. ईस्टरनंतर येणाऱ्या पेंटेकॉस्ट सणाच्या सुट्टीत लाइपझिगमध्ये काळे कपडे घालून गाणी ऐकायला येणाऱ्यांची जत्रा भरते. बाहेर ट्रामच्या थांब्यावर काळ्या लेसच्या छत्र्या जमू लागल्या होत्या, पण दुकान उघडायला अजून अवकाश होता. कीस्लिंगबाईंसाठी मात्र तो दरवर्षी आधीच दार उघडी. पडद्यामागे खोक्यांची खोली होती. तिथे तो आधी एक कप कॉफी ठेवून आला आणि मग बाईंसाठी ओतली.

बाई डोंगराकडच्या गावातून यायच्या. अंगात फिकट रेनकोट, हातात घरच्या केकचा डबा. गेर्नोटला साखरेचा आजार, पण इतक्या लांबून आणलेल्याला नाही कसं म्हणायचं? तो डबा आत नेऊन ठेवी आणि पुढच्या वर्षी पुसून लख्ख केलेला परत देई. रिकाम्या हाताने येववत नाही, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं म्हणून बाई हसायच्या.

बर्लिनची भिंत पडली त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांची लेक आंके घर सोडून गेली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. मागे राहिली ती एक कॅसेट, ती ज्यात गायची त्या दोस्तांच्या बँडची. पाठीमागे या दुकानाचा शिक्का होता. म्हणून बाईंनी इथला उंबरठा झिजवायला सुरुवात केली.

गेर्नोटने तिचा पत्ता कधी दिला नाही. डार्कवेव्ह नावाचं हे उदास, गूढ संगीत करणाऱ्यांची रीतच अशी, की पाकिटावर गाणारीचा चेहरा नसतो, नाव असलं तर तेही घेतलेलं. गाण्याला शब्दसुद्धा धड नसतात. निदान या धूसर, तरंगत्या गाण्यांना तरी नसतातच, नुसता आवाज. तेव्हा कुठल्याही पाकिटात आंके असू शकत होती. बाईंचं म्हणणं, पोरगी नाव बदलेल, श्वास कसा बदलेल? म्हणून त्या दरवर्षी एकच विचारायच्या, तशीच आणखी कोण गाते?

गेर्नोट निवडून रेकॉर्ड काढून ठेवी. आवाजाची जात तीच, पण माणूस दुसरं. शोधता शोधता बाईंचा कान असा तयार झाला, की मोठमोठे संग्राहक त्याच्यापुढे पाणी भरतील.

"आधी मला हे रडगाणं वाटायचं," कॉफीचा घोट घेत त्या म्हणाल्या. "आता बटाटे सोलतानाही हेच लावते. शेजारीण भिंतीपलीकडून विचारते, कोण गेलं?"

गेर्नोट हसला. त्याने शेवटची रेकॉर्ड लावली. रिकाम्या चर्चमध्ये वाजावी तशी गिटार घुमू लागली आणि तिच्यामागून एक आवाज हळूहळू वर आला. बाईंनी डोळे मिटले. गाणं फार सुंदर होतं. एका जागी त्यांचा हात छातीशी गेला आणि गेर्नोट ताठ उभा राहिला.

"नाही," त्या म्हणाल्या. "सुंदर आहे, पण ही नाही." त्यांचे डोळे भरून आले होते.

त्याने सगळी यंत्रं बंद केली. बाई बोलू लागल्या की तो नेहमी तसंच करी आणि त्यांचं बोलणं मोठ्याने परत उच्चारी. उभी हयात स्पीकरशेजारी गेली, कान गेले असणार बिचाऱ्याचे, असं बाईंना वाटे.

"डबा परत द्यायला नको आता," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, आता प्रवास बंद. पुढच्या वर्षी माझं येणं नाही."

"पुढच्या वर्षी येणं नाही," गेर्नोट मोठ्याने म्हणाला. मग दरवर्षीचा प्रश्न त्याने आज जरा घाईनेच विचारला. "भेटलीच, तर काय म्हणाल तिला?"

"म्हणेन, कोट घाल, गार आहे."

"एवढंच? तिच्या गाण्याच्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्री ती झोपेत असताना तुम्ही तिचे केस कापलेत, बाई. स्वतःच सांगितलंत मला."

"काळे रंगवून कावळ्याच्या घरट्यासारखे उभे केले होते. गाव हसत होतं."

"चुकलं, असं नाही म्हणणार?"

बाईंनी कप खाली ठेवला. ओठ हलल्यासारखे झाले. गेर्नोट काउंटरवरून पुढे वाकला.

"आईने लेकीची माफी मागायची असते होय?" त्या शेवटी म्हणाल्या.

"कधी कधी मागतात."

"आमच्यात नाही." त्यांनी रेनकोटाची बटणं लावली. "यंदा केकमध्ये मनुके घातले नाहीत. तिला आवडत नसत. मी बळेबळे खायला लावायचे. सांगितलं आपलं, तुम्ही खाणार म्हणून."

"मनुके नाहीत," गेर्नोट म्हणाला. या वेळी त्याचा आवाज फारसा चढला नाही.

त्याने त्यांना पायऱ्या उतरायला हात दिला. छत्र्यांच्या काळ्या गर्दीतून तो फिकट रेनकोट सावकाश ट्रामपर्यंत गेला. ट्राम हलेपर्यंत गेर्नोट दारात उभा राहिला. मग आत येऊन त्याने पडदा बाजूला सारला. डोक्यावरचे पिकलेले केस बारीक कापलेली एक बाई खोक्यावर बसली होती. मांडीवरचा डबा रिकामा झाला होता आणि ती तो रुमालाने पुसत होती.

"ऐकलंस ना," आंके म्हणाली, "यंदाही माफी मागितली नाही तिने."