औषध बोलत होतं

डॉक्टरांनी फाइलवर लाल शाईने काकांना बाधलेल्या गोळीचं नाव लिहिलं आणि त्यांना बजावलं, की किडनीच्या पेशंटने कुठलंही औषध घेण्याआधी किडनीचं सांगायचं असतं. काका कॉटवर बसून शर्टाची बटणं लावत होते. दवाखान्यात कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, एवढंच म्हणाले.

खोडच ती. कमरेवर नागीण उठली तेव्हा हा रिटायर झालेला वायरमन एकटाच कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेला. फोड दाखवले, पण निम्म्याहून जास्त निकामी झालेल्या किडन्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. मग मिळाल्या त्या धडधाकट माणसाच्या मापाच्या गोळ्या. किडन्यांना त्या बाहेर टाकता येईनात, औषध अंगात साठत गेलं, आणि तिसऱ्या दिवशी काका भिंतीवरच्या मुंग्या मोजायला लागले. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. दोनदा डायलिसिस केलं तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

मधले दोन दिवस काकू नवऱ्याच्या उशाशी बसून होत्या. मुंग्या, उडालेले फ्यूज, कधीच वारलेला थोरला भाऊ, काकांच्या तोंडाला खळ नव्हता. त्यातल्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी काकूंचा हात घट्ट धरला आणि रडत म्हणाले, की तू परीक्षेत नापास झाली नव्हतीस. नकाशांच्या कचेरीचं पत्र आलं होतं. माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे, अगदी तळाशी.

भ्रमात माणूस काय वाटेल ते बोलतो, हे काकूंना कळत होतं. तरीही काल घरी धुतलेला शर्ट आणायला गेल्या तेव्हा त्यांनी पेटी उघडली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. पक्कड, टेस्टर, चिकटपट्ट्या बाजूला केल्या. तळाशी पत्र होतं. नकाशे काढण्याच्या जागेवर आपली निवड झाली आहे, एक तारखेला हजर व्हावे. आपला हातच कच्चा, असं चाळीस वर्षं धरून चाललेली बाई तिथेच फरशीवर फतकल मारून बसली. नुसता संताप झाला. रडूही येईना.

आता ते पत्र त्यांच्या पर्समध्ये होतं.

"काकू, ते दोन दिवस जे काही बोलले ना, ते मनावर घेऊ नका," डॉक्टर जाता जाता म्हणाले. "औषध बोलत होतं."

"तेच तर," काका घाईघाईने म्हणाले. "मला तर काही आठवतच नाही."

काकूंनी पत्र काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. काकांनी ते उघडलं नाही. कसलं आहे, हेही विचारलं नाही. बटणावरचा हात मात्र तिथेच थांबला.

तेवढ्यात सिस्टर उरलेल्या गोळ्या मागायला आली. घरी राहिल्या आणि चुकून पुन्हा पोटात गेल्या तर नसती आफत. काकूंनी खुर्ची ओढली, काकांच्या अगदी समोर बसल्या आणि पर्समधली गोळ्यांची पट्टी सिस्टरच्या हातात दिली.

"घेऊन जा गं," त्या म्हणाल्या. "आता पुढचं ते शुद्धीत सांगतील."