फोल्डरातली आगंतुक

"परत आली बघ!" दफ्तरदार स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडले. "सगळं साफ केलं, तरी ही बया हजर!"

बायको हात पुसत आली. "एवढीशी फाइल. काय खाते तुमचं?"

"डोकं खाते माझं!"

नोकरीत तीस वर्षं त्यांनी रेकॉर्ड रूम सांभाळली होती. एक कागद इकडचा तिकडे झालेला त्यांना खपत नसे. निवृत्तीनंतर ही शिस्त घरच्या संगणकावर आली आणि तिथेच ही फाइल त्यांच्या मानगुटीवर बसली. टिंबाने सुरू होणारं कसलंसं नाव, उघडावी तर आत नुसती अगम्य चिन्हं. शनिवारी खोडली की रविवारी पुन्हा उगवायची आणि तीही नेमकी 'चिमणी' नावाच्या फोल्डरात.

चिमणी म्हणजे त्यांची लेक. तीन वर्षांपूर्वी तिच्या लग्नाला ते हट्टाने गेले नाहीत. आईशी ती बोले, बाबांचा विषय निघाला की फोन ठेवून देई. वर्षभर अबोल्यात गेल्यावर दफ्तरदारांनी दर शनिवारी तिला एक पत्र टाइप करायला घेतलं. पत्र या ऑनलाइन फोल्डरात ठेवायचं. तो उघडायची मुभा त्यांनी फक्त तिला दिली होती, तसा मेसेजही केला होता. एकशे बारा पत्रं झाली. पहिल्यात आडवळणाने, पन्नासाव्यात सरळ लिहिलं, "चुकलो." उलट एक अक्षर आलं नाही.

आज रविवार. सकाळी अकराला त्यांचा धीर सुटला. भिंतीशी किती दिवस बोलायचं? त्यांनी सगळी पत्रं खोडली. कचरापेटीही रिकामी केली, संगणकातली आणि ऑनलाइनचीही. काम अर्धवट सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. फोल्डर खोडायला मात्र हात धजला नाही. जेवून पाहतात तर त्या रिकाम्या फोल्डरात ही ठाण मांडून बसलेली.

शेवटी त्यांनी खालच्या मजल्यावरच्या बाईंना बोलावलं. त्या संगणक दुरुस्त करत.

"व्हायरस आहे," दफ्तरदारांनी निदानही करून टाकलं. "मुळासकट उपटा."

बाईंनी चष्मा चढवला. "व्हायरस नाही हो काका. फोल्डर कसा दिसावा, आतलं कुठल्या क्रमाने लागावं, एवढंच ही लिहून ठेवते. एरवी लपलेली असते. तुम्हाला दिसते, कारण ती तुमच्या संगणकाची नाहीच."

"मग काय आभाळातून पडली?"

"दुसऱ्या कंपनीचे संगणक असतात ना, त्यांच्यावर कोणी हा फोल्डर उघडला की ही आपोआप तयार होते. उघडणाऱ्याला पत्ताही नसतो. कधीपासून येतेय?"

"दोन वर्षं." दफ्तरदारांचा आवाज एकदम खाली आला. "दर रविवारी."

बाईंनी पडद्यावरच्या तारखेवर बोट ठेवलं.

"मग जो कोणी आहे, तो अगदी नेमाचा दिसतोय," त्या हसून म्हणाल्या. "आजही उघडून बघितलाय. बारा वाजून दहा मिनिटांनी."