पाच वाजताचा लाल दिवा

एकट्या राहणाऱ्या डोरीनचा दमा वाढला, तशी लेक मार्सीने हवा शुद्ध करायचं यंत्र आणून बैठकीत ठेवलं. हवा स्वच्छ असली की निळा दिवा, धूर झाला की लाल.

रोज संध्याकाळी पाचला दिवा लाल व्हायचा. तिचा नवरा ऑर्व्हिल याच वेळी पाइप पेटवायचा. डोरीन त्याला डुलुथ शहराच्या बर्फात बाहेर पिटाळायची. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

“आलास?” ती रिकाम्या खुर्चीला म्हणायची. “बस बाबा. आता नाही घालवत बाहेर.”

“बिघडलंय गं ते,” म्हणत मार्सी यंत्र आपल्या घरी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी पाचला तिचा फोन आला.

“आई, इथे निळाच आहे दिवा. यंत्र ठणठणीत आहे. पण तुझ्याजवळ खोकतंय कोण?”