पंधराच्या आत

"एकतीस," ताईंनी आकडा वाचला आणि वहीत लिहिला. "कालही एकतीस, परवाही एकतीस. फोन उठतोय की सासुरवाडीला आलेला जावई?"

समोर उभा असलेला इंजिनिअर कसंनुसं हसला. त्याच्या शर्टाच्या खांद्यावर वाळलेल्या दुधाचा डाग होता. घरी दोन महिन्यांच्या जुळ्या मुली होत्या. डाग रोज असायचा, फक्त खांदा बदलायचा.

ताईंचं काम म्हटलं तर सोपं. फोन बंद करायचा, चालू करायचा आणि दोन्हीला किती सेकंद लागतात ते हातातल्या घड्याळावर मोजायचं. वहीत दोन रकाने होते, 'निजायला' आणि 'उठायला'. ऑफिसात त्यांना सेकंदताई म्हणत. "हे फोन स्वतःच नाही का मोजू शकत?" असं नवा आलेला प्रत्येक जण विचारायचा.

"झोपेतून उठणाऱ्याने आपण कधी उठलो हे कधी खरं सांगितलंय?" ताई म्हणायच्या. अकरा वर्षांत त्यांच्या आकड्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

निजायचं काम या इंजिनिअरने पहिल्याच महिन्यात मार्गी लावलं होतं. पूर्वी बटण दाबलं की आतल्या सगळ्या प्रोग्रामांचा एकदम गळा धरला जायचा. कुणाचा फोटो अर्धा राहायचा, कुणाचा निरोप. त्याने प्रत्येकाला आधी सांगायची पद्धत लावली की बाबांनो, आवरा, दोन सेकंदांत दिवा जाणार. तेव्हापासून सगळे मुकाट्याने आवरून घेत.

घोडं अडलं होतं ते उठण्यावर. फोन चालू झाला की चाळीस प्रोग्राम एकदम उठून धावायचे. घरात न्हाणीघर एक आणि दारात टॉवेल घेतलेली माणसं चाळीस. आधी कोण, मग कोण, हे काही केल्या बसत नव्हतं.

त्याच दुपारी मॅनेजरबाई येऊन उभ्या राहिल्या.

"महिनाअखेर पंधराच्या आत पाहिजे," त्या त्याला म्हणाल्या. "नाहीतर हे काम दुसऱ्या ऑफिसला जाईल. मग इथे..."

त्यांनी नुसतं कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघितलं. तिथे गेल्या वर्षीपर्यंत एक हुशार मुलगी बसायची. तिचा फोन साडेपंधरावर आला होता. ताईंनी साडेपंधरा लिहिलं होतं. टेबल अजून रिकामंच होतं.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरने फोन आणून ठेवला, पण नजर वर केली नाही.

"काही बदललंस का रे?"

"थोडंसं," तो म्हणाला.

ताईंनी बटण दाबलं. फोन उजळला, रेंगाळला, शेवटी बोटाला दाद देऊ लागला. त्या घड्याळाकडे बघत राहिल्या. मग चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला.

"अठ्ठावीस," त्या म्हणाल्या.

"खरंच?"

"मग काय, थट्टा करतेय? जा, डबा खाऊन घे आधी."

त्या आठवड्यात वहीत पंचवीस लागले, पुढच्या आठवड्यात बावीस, मग एकोणीस. इतरांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. तो मात्र दिवसेंदिवस सुकतच चालला होता.

"अरे, आकडा उतरला तर उतरू दे, तुझं तोंड का उतरलंय?" ताईंनी एकदा विचारलं.

"एकीला निजवलं की दुसरी सुरू होते, ताई. दोघींना एकदम बंद करायची सोयच नाही."

"त्यांनाही आधी सांगून बघ. आवरा म्हणावं."

तो हसला, पण हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "बायको म्हणते, झोपेचं बघू नंतर, नोकरी तेवढी टिकू दे. घरमालकाने घर रिकामं करायला सांगितलंय. नवं घर बघायचं तर आधी नोकरी पक्की असल्याचं पत्र मागतात."

ताईंनी आपल्या डब्यातली अर्धी भाजी त्याच्या झाकणात वाढली आणि तो खाईपर्यंत समोर बसून राहिल्या.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी मॅनेजरबाई आल्या. ताईंनी वही उघडून पुढे सरकवली. 'उठायला'च्या रकान्यात सकाळचा आकडा होता. चौदा.

"घड्याळ लावून दाखवू?" ताईंनी विचारलं.

"तुम्ही लिहिलंय ना? मग झालं." मॅनेजरबाईंनी वहीत सही केली आणि इंजिनिअरचा हात हातात घेतला. "अभिनंदन. पत्र संध्याकाळपर्यंत मिळेल. आणि हाच फोन, आत जे आहे ते जसंच्या तसं, सोमवारी कारखान्यात जातोय. दोन लाख नग!"

त्यांच्या टाचांचा आवाज जिन्यावरून उतरत गेला.

खोलीत दोघंच उरली. ताईंनी वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवून बसल्या. कोपऱ्यातलं टेबल रिकामं झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांना जरा हलकं वाटत होतं. "आता तरी हस की," त्या म्हणाल्या. "पोरींना सांग, बाबा जिंकला."

इंजिनिअर खुर्चीत मटकन बसला.

"ताई, तुमच्यापासून लपवलं. रागावू नका," तो म्हणाला. "गेला महिनाभर माझ्याच्याने काही म्हणजे काही जमलं नाही. काहीही बदललं की फोन उठतच नव्हता. सांगायची लाज वाटायची, म्हणून रोज सकाळी मी तुमच्यापुढे तोच एकतीसवाला फोन, तसाच्या तसा आणून ठेवत होतो. मग हा चौदावर आला कसा?"